सात फुटी शटर

६ फेब्रुवारी, सोमवार

आधी माफी मागतो. ही वही मिळून अकरा महिने होऊन गेले आणि पहिली ओळ आज लिहितो आहे. सूनबाईने दिली होती. म्हणाली होती, "अण्णा, रोज चार ओळी लिहीत जा. बोलायला कुणी नसलं की डोक्यात गुंता होतो." मी ती शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि वर बॉबिनचा डबा ठेवला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. टेलरकीच्या चाळीस वर्षांत लिहिली ती फक्त गिऱ्हाइकांची नावं आणि मापं. चार ओळी लिहायच्या तरी कशाच्या?

आज लिहितो, कारण एक काम काढलं आहे आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये अकरा फुटांची मोकळी पट्टी आहे. तिथे गाडीसाठी गॅरेज बांधतो आहे. माझ्याकडे गाडी नाही. सायकल होती, तीही देऊन टाकली. गॅरेज मुलाच्या गाडीसाठी.

मागच्या वर्षी मुलगा, सूनबाई आणि नात चार दिवस राहायचं म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. गाडी गल्लीत लावली होती. रात्रीतून कुणीतरी घासून गेलं आणि बाजूचा आरसा मोडून लोंबत होता. मुलगा तो आरसा हातात धरून म्हणाला, "इथे गाडी लावायलासुद्धा जागा नाही." चहा न घेता गेले. त्यानंतर आलेले नाहीत.

अकरा महिने मी त्या एका वाक्यावर विचार केला. जागा नाही, तर जागा करायची. नवीन सामान परवडणार नाही, पण जुन्यात भागेल. दुकान बंद केलं तेव्हा दुकानाचं शटर मी काढून आणलं होतं. नव्या भाडेकरूला काचेचं दार हवं होतं. ते शटर मागच्या अंगणात गंजत पडलं आहे. सात फुटी. चांगलं जाड.

चार ओळींपेक्षा जास्त झाल्या. हात दुखतो.

८ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची गाडी मुलाच्या गाडीसारखीच आहे. रंगही तोच. दुपारी त्याचं दुकान बंद असताना टेप आणि खडू घेऊन गेलो आणि माप घेतलं. छाती, म्हणजे दारांपाशी, पाच फूट सात इंच. दोन्ही कान, म्हणजे बाजूचे आरसे, उघडे धरून सहा फूट दोन. लांबी बारा फूट आठ. लांबी घ्यायला दुसरा माणूस लागतो. टेपेच्या टोकावर दगड ठेवला आणि रांगत गेलो. तेवढ्यात औषधवाला दुकानामागच्या घरातून बाहेर आला.

"मास्तर, गाडीला शर्ट शिवताय का?"

मी म्हणालो, कव्हर शिवायचा विचार आहे.

"बाही अर्धी ठेवा, उन्हाळा येतोय."

मला सगळे मास्तर म्हणतात, पण आता हसत म्हणतात. अंगणात येऊन खडूने जमिनीवर गाडी काढली, खऱ्या मापाची. सात फुटांच्या शटरमधून कान मिटून गाडी गेली तर दोन्ही बाजूंना आठ आठ इंच उरतात. एवढा सैलपणा मी ओव्हरकोटालासुद्धा कधी दिला नाही.

संध्याकाळी एकदा त्या खडूच्या गाडीत जाऊन उभा राहिलो. पुढच्या सीटवर. उगाच.

९ फेब्रुवारी, गुरुवार

वेल्डर येऊन गेला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. बोलतोही तसाच. खड्डे, खांब, पत्रे सगळं एकट्याने करतो, म्हणून स्वस्त. जमिनीवरची गाडी बघून पाच मिनिटं हसला, मग म्हणाला, "मास्तर, नऊ फूट घ्या."

"शटर सात फुटी आहे."

"शटर सातच राहू द्या. बाजूला दोन फूट पत्रा मारू. आतून ऐसपैस होईल. सातमध्ये लंगोट होईल हो."

म्हणजे पत्रा जास्त, खांब जास्त, दिवस जास्त. मी काय आज जन्मलो? घट्ट आणि सैल मला शिकवतो! शिवाय नऊ फूट घेतले तर घराच्या बाजूने नळाकडे जायला दोनच फूट वाट उरते. मी म्हणालो, सात म्हणजे सात. तो म्हणाला, "तुमचं कापड, तुमची कात्री."

माझ्यासाठी बाजूला ठेवलेले खांबाचे पाइप त्याने दुसऱ्या कुणाला विकले नसतील ना, अशी शंका येते. उद्या सकाळी जाऊन बघतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

पाइप होते.

आज रविवार, मुलाचा फोन. दहा वाजता येतो. नऊपासून मी फोन हातात घेऊन बसतो, कारण मागे एकदा तो बंद पडला होता.

"गाडी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे."

"आरसा बसवला का?"

"अण्णा, आरसा तेव्हाच बसवला. वर्ष होत आलं."

मग त्याने औषधांचं विचारलं. मग म्हणाला, "रात्री उठाल तेव्हा दिवा लावत जा." हे तो दर वेळी म्हणतो. मागच्या वर्षी मी मोरीच्या उंबऱ्यापाशी पडलो, असं औषधवाल्याने त्याला कळवलं होतं. त्यानंतरच ते सगळे आले होते. पडलो नव्हतो. बसलो होतो. जरा जास्त वेळ बसलो होतो, एवढंच.

सूनबाई फोनवर येत नाही. कामात आहे म्हणतो. दर रविवारी नेमकं दहा वाजता काय काम निघतं कोण जाणे.

गॅरेजचं सांगितलं नाही. पुरं झालं की सांगेन.

१५ फेब्रुवारी, बुधवार

खांबांचे खड्डे झाले. नेमका पट्टीच्या मधोमध हिचा धुण्याचा दगड होता. ही जाऊन सहा वर्षं झाली, दगडावर आता मी मोजे सोडून काही धूत नाही. ठिणगी घण घेऊन आला. "फोडतो, भरावात घालतो."

"फोडायचा नाही."

"मग काय त्याच्यावर गाडी बसवू?"

मी म्हणालो, शेवटच्या भिंतीपाशी ठेव. गाडीचं चाक त्याला टेकलं की थांबायचं, म्हणजे पत्र्याला धक्का नको. ठिणगीने घण खाली ठेवला. म्हणाला, "हे बरं सुचलं." दोघांनी मिळून लोटत नेला. खालची माती ओली होती. इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं तिला.

कंबर धरली आहे. जेवण केलं नाही. एकट्यासाठी शेगडी पेटवायचा कंटाळा येतो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्रे आले. कोंबड्यांच्या मोडलेल्या शेडचे आहेत. ठिणगी म्हणाला होता, वास जाईल. दुपारी तापले की शंभर कोंबड्या अंगणात असल्यासारखं वाटतं. सूनबाईला वास सहन होत नाही. दोनदा साबणाने घासले. उद्या पुन्हा घासतो.

मागच्या भिंतीला एक पत्रा कमी पडला. तिथे दुकानाची पाटी लावली. अक्षरं आतल्या बाजूला ठेवली. बाहेर ठेवली असती तर लोकांनी विचारलं असतं. आता गाडीत बसून समोर बघितलं की दिसेल, "सूट, शर्ट, शाळेचे गणवेश". मुलाने ही पाटी वाचतच अक्षरं शिकली. "गणवेश" मधला "ण" त्याला येत नव्हता.

२६ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही.

दहा, साडेदहा, अकरा. फोन बंद करून परत चालू केला. औषधवाल्याकडे जाऊन त्याच्या फोनवरून माझ्या फोनवर फोन करून बघितला. वाजतो. त्या मधल्या वेळात मुलाचा येऊन गेला असेल असं वाटून फोन पुन्हा बघितला. नव्हता.

मागच्या वर्षी ते आले त्या दिवशी संध्याकाळी शब्दाला शब्द लागला होता, हे इथे लिहून ठेवतो. वही खोटी नको. पण ते संध्याकाळी. गेले ते सकाळी, आरसा मोडल्यावर. खरं कारण आरसाच. रागावून जायचं असतं तर रात्रीच गेले असते.

चार वाजता मेसेज आला. नातीला ताप होता, दवाखान्यात होतो. आता बरी आहे. मी उत्तर लिहायला घेतलं. पुसलं. मग "ठीक" एवढंच पाठवलं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

शटर बसलं. ग्रीस घातलं, पट्ट्या ठोकून सरळ केल्या. ठिणगी म्हणाला, "ओढा मास्तर, तुमच्या हाताचं आहे." ओढलं. तोच आवाज. चाळीस वर्षं सकाळी नऊला ऐकलेला. मी पुन्हा खाली ओढलं, पुन्हा वर केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा समोरच्या घरातली बाई पिशवी घेऊन आली.

"मास्तर, दुकान उघडलंत? ह्यांच्या दोन पँटी आखूड करायच्या होत्या."

ठिणगी पोट धरून हसला. मी पँटी ठेवून घेतल्या. मशीनला तेल घालायला लागेल.

५ मार्च, रविवार

आज दहाला फोन आला. मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "सुट्टीत या. गाडीची काळजी करू नकोस."

 त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे कुणीतरी ऐकत होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "गाडीची काळजी मी कधी केली?"

"तू म्हणाला होतास, जागा नाही."

"बघतो," म्हणाला आणि ठेवला.

त्याला गाडीची काळजी नाही तर तो तेव्हा तसं का म्हणाला? दिवसभर हेच. पँटीची एक बाजू अर्धा इंच जास्त दुमडली. उसवून परत केली.

७ मार्च, मंगळवार

दुकानात आम्ही कपड्याची ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिवण घालत नसू. म्हणून आज ट्रायल घेतली. औषधवाल्याला गाडी घेऊन बोलावलं. ठिणगी आला. समोरची बाई आली. गॅरेज कशासाठी ते आता सगळ्यांना कळलं होतं, तरी कुणी तोंडावर काही बोललं नाही.

औषधवाल्याने कान मिटले आणि गाडी हळू आत घेतली. मी पुढे उभा राहून हात दाखवत होतो. डावीकडे आठ, उजवीकडे आठ. अशी बसली, जशी म्यानात तलवार. चाक दगडाला टेकलं. टक्. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ग्रीसच्या हाताने पुसलं.

गाडी बंद झाली. मग दार थोडं उघडलं आणि पत्र्याला लागलं. परत मिटलं. दुसऱ्या बाजूचं उघडलं. तेही लागलं. काच खाली झाली आणि औषधवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"मास्तर, शर्ट झकास बसला. पण आता मी बाहेर कुठून येऊ?"

ठिणगी खालीच बसला. हसता हसता म्हणाला, "डिकीतून या. नाहीतर बसा आत, शटर ओढतो, सकाळी चहा देऊ."

समोरची बाई तोंडावर पदर धरून घरात गेली.

औषधवाल्याने गाडी मागे घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं मास्तर." ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी गाडीचं माप घेतलं. गाडीतल्या माणसाचं घेतलंच नाही. चाळीस वर्षं माणसांचीच मापं घेत होतो.

८ मार्च, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. शटर खाली ओढून ठेवलं आहे.

१० मार्च, शुक्रवार

त्या संध्याकाळचं लिहितो. नाहीतर ते डोक्यात फिरत राहतं.

त्या दिवशी सकाळी आल्याआल्या मुलगा म्हणाला होता, "अण्णा, तुम्ही आता आमच्याकडे चला. घर बंद ठेवू." मी नाही म्हणालो. तो पुन्हा बोलला नाही, पण माझ्या मनात बसलं. यांना घर विकायचं आहे. संध्याकाळी मी फिरून आलो तर सूनबाई माझी टेप घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत माप घेत होती. मग खिडकीखाली. मी दारात उभा राहून बघितलं. माझीच टेप, आणि माझ्याच घराला लावलेली.

मी आत जाऊन टेप ओढून घेतली. म्हणालो, "मी मेल्यावर मापं घ्या. अजून जिवंत आहे." ती म्हणाली, "अण्णा, मी फक्त..." मी तिला पुरं बोलू दिलं नाही. म्हणालो, परक्या घरातून आलेल्या बाईने या घराला टेप लावायची नाही. हे असंच म्हणालो. नात तिथेच होती. टेपेच्या टोकाला पितळी पट्टी असते, ती ओढताना सूनबाईच्या बोटाला कापलं. ती बोट तोंडात धरून आत गेली. मुलगा नातीला उचलून तिच्या मागे गेला.

सकाळी आरसा मोडलेला दिसला. मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. आता लिहिताना कळतं. कारण मिळालं म्हणून.

पण माप तर ती घेतच होती. ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यात माझी काय चूक?

१२ मार्च, रविवार

दहा वाजता फोन वाजला. मी उचलला नाही. काय सांगू? गॅरेज बांधलं, पण त्यातून माणूस बाहेर येत नाही? पुन्हा वाजला. उशी ठेवली त्याच्यावर.

पंधरा मिनिटांत औषधवाला चप्पल न घालता धावत आला. मी पलंगावर बसलो होतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दाराला टेकून धापा टाकू लागला.

"फोन का उचलत नाही, मास्तर? तिकडे तुमची सूनबाई रडकुंडीला आली आहे."

"मुलाने केला असेल फोन."

"सूनबाईने केला. दर रविवारी तुमचा फोन झाला की ती मला करते. आवाज कसा होता, चालताना तोल जातो का, सगळं विचारते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली होती. आता सांगितलं, काय व्हायचं ते होऊ दे."

त्याने तिथूनच फोन लावून सांगितलं, "आहेत, बसलेत, चेहरा नेहमीसारखाच आंबट आहे."

मी त्याला पाणी दिलं. वर्षभर हा माणूस माझ्याशी उगाच गप्पा मारायला थांबतो, असं मला वाटत होतं.

१५ मार्च, बुधवार

ठिणगी येऊन बसला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मी दोन फूट म्हणालो होतो, ते आता काढत नाही."

"काढलंस की."

"एकदाच. बरं, आता ऐका. पाडायचं काही नाही. घराच्या बाजूचे पत्रे काढून टाकू. छप्पर, खांब, शटर तसंच. गाडी भिंतीला चिकटून लावायची, चालवणारा घराच्या बाजूने उतरेल. बाकीच्यांनी आधीच बाहेर उतरायचं. वाराही येईल, कोंबड्याही जातील."

म्हणजे एका बाजूची शिवण उसवायची. दाब, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडला नसला की दुसरा मार्ग नसतो. मी हो म्हणालो. यावेळी खडू नको, मापं लिहून काढू म्हटलं. ही वही घेतली आणि सवयीने उलटी केली. दुकानात आमची पद्धत होती. वहीच्या पुढून गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख, मागून मापं. दोन्ही एका वहीत, पण भेसळ नाही. सूनबाई नवी नवी आली तेव्हा सहा महिने दुकानात बटणांची काजं करायला बसायची. तिला ही पद्धत मीच शिकवली होती.

शेवटचं पान कोरं नव्हतं. तिच्या अक्षरात होतं. त्या संध्याकाळी मापं हिच्यातच लिहून तिने ती परत ड्रॉवरमध्ये ठेवली असणार. जसं आहे तसं इथे उतरवतो.

"पलंग ते मोरी, भिंतीने: १४ फूट ३. धरून चालायची दांडी सलग हवी, मध्ये तुटक नको.
मोरीचा उंबरा: ५ इंच. (इथेच अडखळले.) उतार करून घेणे.
मोरीत दोन छोट्या दांड्या: दीड फूट, दीड फूट.
खिडकीखाली: ६ फूट २. इथे आमच्या गाद्या मावतील. मग दर महिन्याला येता येईल, अण्णांना पलंग सोडावा लागणार नाही.
दांडीची उंची: अण्णांना उभं करून मनगटापर्यंत. विचारायचं"

"विचारायचं" च्या पुढे काही नाही. तिथे एक तपकिरी डाग आहे. मला आधी वाटलं, चहाचा.

ठिणगीने विचारलं, "काय झालं, मास्तर?" मी म्हणालो, आज नको, उद्या ये.

१९ मार्च, रविवार

दहा वाजता फोन. मी म्हणालो, "सूनबाई आहे का?"

मुलाने मला पुन्हा एकदा विचारायला लावलं. मग म्हणाला, "बाजूलाच आहे."

"दे."

तिने "हॅलो, अण्णा" म्हटलं. मी चार दिवस वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "गाडी कशी आहे?"

ती म्हणाली, "बरी आहे, अण्णा."

"बरं," म्हणालो आणि ठेवला.

नंतर पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पत्रात मी फारच शहाण्यासारखा बोलतो.

२२ मार्च, बुधवार

पत्रे काढले. औषधवाल्याने गाडी आत घेतली, दार उघडलं, उतरला, नाटकातल्या राजासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ठिणगीने टाळ्या वाजवल्या. उजेड तिरका आत येतो आणि पाटीवर पडतो. बरं दिसतं.

खांबांतून उरलेल्या पाइपांच्या ठिणगीने दांड्या केल्या. चौदा फूट तीन सलग, आणि दीड दीड फुटाच्या दोन. टोकं घासून गोल केली. उंबऱ्याला सिमेंटचा उतार केला. मी पांढरा रंग दिला. खिडकीखाली झाडून घेतलं. शिलाई मशीन तिथे होतं, ते दुसऱ्या भिंतीला नेलं. सहा फूट दोन भरतं. दोनदा मोजलं.

उंची राहिली. मी टेप घेऊन भिंतीपाशी सरळ उभा राहिलो, मनगट खाली सोडलं. आकडा बघायला वाकलो की मनगट खाली जातं. सरळ झालो की आकडा दिसत नाही. आरशात बघितलं, तर आकडे उलटे. ठिणगी म्हणाला, "द्या इकडे, मी घेतो, दोन मिनिटांचं काम." मी टेप मुठीत धरली.

"राहू दे," म्हणालो.

"मग दांडी कुठे ठोकू? छताला?"

"थांब जरा. माप घेणारं माणूस वेगळं आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं पिशवीत भरली. म्हणाला, "बोलवा मग. ड्रिल घेऊन केव्हाही येतो."

२४ मार्च, शुक्रवार

सूनबाई,

ही वही मी तशीच पाठवतो आहे, एकही पान न फाडता. फाडावंसं वाटलं होतं, विशेषतः दहा तारखेचं. पण पान फाडलं की वहीचं दुसऱ्या बाजूचं पान सुटतं, हे तुला माहीत आहे.

तू म्हणाली होतीस चार ओळी लिहा. त्याची वही भरली. तू मागून काय लिहिलं होतंस, ते मी एक वर्ष उघडून बघितलं नाही. टेप ओढायला नको होती. बोलायलाही नको होतं. परकी म्हणालो, ते तर नकोच होतं. फोनवर हे तोंडातून निघत नाही, गाडीच निघते. बोटाला व्रण राहिला आहे का, तेवढं सांग.

गॅरेज झालं आहे. ते वाचून मुलगा हसेल, त्याला हसू दे. नातीला सांग, पाटीवरचा "ण" अजून तसाच आहे, बाबाला विचार म्हणावं. पत्र्यांचा वास आता फारसा येत नाही. आलाच तर शटर वर ठेवू.

दांड्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, रंग वाळला आहे. उंचीचं माप तेवढं राहिलं आहे. मला ते जमत नाही. टेप दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवली आहे, तुला सापडेल अशी. रात्री मी दिवा लावून उठतो आणि भिंतीला धरून चालतो, म्हणून काळजी नको. पण भिंत फार गुळगुळीत आहे.

कधी येताय ते कळव. नाही जमलं तरी नाही म्हणून कळव. औषधवाल्याकडे नको, मला कळव. लवकर कळव.

अण्णा